मुंबईच्या डोक्यावरची हवा



आज आपण हवेच्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत. राजाचा इतिहास असतो, गावाचा असतो, घराण्याचा असतो. हवेचा कसला आला इतिहास, असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. पण हवा कुणी मोजली, कधी मोजली, कशासाठी मोजली, आणि कुणाची हवा मोजायची राहून गेली, याचा इतिहास नक्कीच आहे. त्यातला एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडला. कुलाब्याच्या टोकाला, गिरगावात, परळ-लालबागच्या गिरण्यांत. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजोबा, सासरे, काका त्याच गिरण्यांत राबले. म्हणून ही गोष्ट आपल्या घरचीच आहे.

आधी हवा म्हणजे काय ते पाहू. हवा ही एकच एक वस्तू नाही, ती मिसळण आहे. कोरडी हवा शंभर मापं घेतली, तर त्यात ७८ मापं नायट्रोजन असतो आणि २१ मापं प्राणवायू. राहिलं एक माप. त्यात बहुतेक आर्गॉन नावाचा वायू, आणि अगदी चिमूटभर कार्बन डायऑक्साइड. बाकीचे वायू नावापुरते.

नायट्रोजन आपण श्वासातून आत घेतो आणि तसाच बाहेर टाकतो. पण तूर, हरभरा, भुईमूग उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात ना, त्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून जमिनीला देतात. म्हणून द्विदल पिकानंतर रान कसदार होतं, हे आपल्या आज्यांना पुस्तक न वाचता माहीत होतं. प्राणवायू आपल्याला जगवतो आणि चूलही पेटवतो. फुंकणीने आपण चुलीला प्राणवायूच पुरवत असतो. कार्बन डायऑक्साइड चिमूटभर असला, तरी सगळी पिकं त्याच्यावरच वाढतात. शिवाय हवेत पाण्याची वाफ असते. ती कधी कमी, कधी जास्त. मे महिन्यात मुंबईला गेलेल्या बाईला ती वाफ वेगळी सांगावी लागत नाही. घाम वाळतच नाही.

गाडी उभी केली तर

आता ही हवा वर कुठपर्यंत आहे? हे समजायला आपण एक खेळ करू. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून, जुन्या बोरीबंदरवरून, कल्याण-कर्जतकडे जाणारी रेल्वेची लाइन आहे. तो रूळ आडवा न ठेवता शिडीसारखा सरळ आभाळात उभा केला, असं समजा. आता स्टेशनं मोजत वर चढायचं.

भायखळा आलं, चार किलोमीटर. पुढे चिंचपोकळी, मग करी रोड. या दोन स्टेशनांच्या मधेच लालबाग. म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. मैत्रिणींनो, पृथ्वीवरच्या सगळ्या हवेच्या वजनातली अर्धी हवा एवढ्यातच संपते! वर शेकडो किलोमीटर आभाळ दिसतं, पण निम्मी हवा लालबागच्या आतच आहे. दादर आलं की नऊ किलोमीटर. एव्हरेस्ट शिखर जवळपास एवढंच उंच आहे. तिथे श्वास घेणं किती अवघड जातं ते गिर्यारोहकांनी सांगितलेलं आहे. कुर्ल्याच्या थोडं पुढे, सोळा-सतरा किलोमीटरवर, पहिला थर संपतो. त्याला तपांबर म्हणतात. जवळपास सगळे ढग, पाऊस, गारा, वादळं, वळीव या पहिल्या थरातच होतात. यात वर जावं तशी थंडी वाढते. म्हणून महाबळेश्वर थंड आणि खाली महाड उकडतं. थराच्या माथ्यावर आपल्या भागात शून्याखाली सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत थंडी असते.

त्याच्या वर दुसरा थर, स्थितांबर. तिथे उलटं होतं. वर जावं तशी हवा गरम होऊ लागते. कारण विक्रोळी-भांडुप-ठाण्याच्या उंचीवर, वीस ते तीस किलोमीटरच्या आसपास, ओझोन नावाचा वायू आहे. सूर्याचे घातक अतिनील किरण तो शोषून घेतो आणि त्या उष्णतेने तिथली हवा तापते. ठाण्यापर्यंत पोचलो, की पृथ्वीवरची ९९ टक्के हवा आपल्या पायाखाली राहिली. डोंबिवली सोडून कल्याणकडे निघालो, की पन्नास किलोमीटरवर हा थर संपतो. पुढे मध्यांबर, थेट नेरळपर्यंत, म्हणजे ८५ किलोमीटरच्या आसपास. रात्री आपण तारा तुटला म्हणतो, ती खरं तर अवकाशातून आलेली खडी असते. ती बहुतेक इथेच जळून जाते. त्याच्या वर आयनांबर. कर्जत आलं की शंभर किलोमीटर, आणि तिथून अवकाश सुरू झालं असं मानतात. माणसं राहतात ते अवकाश स्थानक चारशे किलोमीटरवर फिरतं. याच मार्गाने पुढे पुणे करून गेलो, तर सोलापूरच्या थोडं अलीकडे.

म्हणजे हवा अफाट वाटते, पण आपल्या कामाची हवा फार थोडी आहे. बोरीबंदर ते लालबाग एवढ्या पट्ट्यात सगळ्या जगाचा श्वास आहे. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुलाब्याची वही

हे सगळं माणसाला कळलं कसं? इथून मुंबईचा इतिहास सुरू होतो.

१८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला, वेधशाळा उभारली. हेतू व्यापाराचा होता. जहाजांना अचूक वेळ लागते, आणि त्यासाठी ताऱ्यांचे वेध घ्यावे लागतात. पुढे १८४१ पासून तिथे दोन गोष्टींच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. एक हवामान आणि दुसरी पृथ्वीचं चुंबकत्व. हवेचा दाब किती, उष्णता किती, वारा कुठून, पाऊस किती. हे सगळं पाहायचं आणि वहीत लिहायचं. ऊन असो, पाऊस असो, सण असो, सुतक असो, नोंद चुकवायची नाही.

या कामात आपली मराठी माणसंही होती. 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी काढणारे बाळशास्त्री जांभेकर यांनी कुलाबा वेधशाळेचं काम पाहिलं होतं. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, ज्यांना सगळे केरूनाना म्हणत, तेही तरुण वयात याच वेधशाळेत कामाला होते. पुढे ते गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले आणि लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी होते. १८९६ साली नानाभाई मूस हे वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

आता १८५९ सालची एक गोष्ट ऐका. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा माणूस दुर्बिणीतून सूर्याचे डाग पाहत होता. त्याला सूर्यावर एकदम लख्ख झळाळी दिसली. दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. तारायंत्राच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. एरवी ध्रुवाजवळच दिसणारा रंगीत प्रकाश पार क्यूबासारख्या उष्ण देशांतही लोकांनी पाहिला. त्या वेळी कुलाब्याच्या वेधशाळेत टांगलेल्या चुंबकावर माणसं नजर ठेवून होती. नेहमीचं काम म्हणून ती आकडे लिहीत राहिली. चुंबकाचं बळ एकाएकी खूप खाली घसरलं आणि थोड्या वेळाने परत वर येऊ लागलं, हे त्यांच्या वहीत उतरलं.

ती वही पुढे मूस यांनी छापून काढली. दीडशे वर्षांनी जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्या मोठ्या वादळाचा अभ्यास करायला घेतला, तेव्हा सगळ्यात मोलाची नोंद निघाली ती कुलाब्याची. आज आपले उपग्रह, वीजवाहिन्या, मोबाइल यांना सूर्याच्या अशा वादळापासून किती धोका आहे, याचा अंदाज बांधताना त्या आकड्यांचा आधार घेतात. ज्यांनी ते आकडे लिहिले, त्यांना त्यांचा हा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी फक्त नोंद चुकवली नाही.

पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. विजेमुळे नाजूक चुंबकीय यंत्रं बिघडली असती. म्हणून मूस यांनी ते काम समुद्रापलीकडे अलिबागला हलवलं. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू झाल्या. इमारत बांधताना लोखंड टाळलं, कारण लोखंड चुंबकाला खेचतं. काही काळ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या वहीचा धागा नव्या वहीला जोडला जाईल. अलिबागची ती वेधशाळा आजही काम करते.

आयनांबर तर आपल्या ओळखीचं आहे. तुमच्या आईने, सासूने रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला ऐकली असेल. १९५२ साली सुरू झालेला तो कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, कोलंबोहून लागायचा, आणि तिथल्या लघुलहरी वर आयनांबरावर आपटून खाली आपल्या गावात उतरायच्या. आपलं सामुदायिक रेडिओ केंद्र मात्र एफएमवर चालतं. त्याच्या लहरी सरळ जातात, वरून परत फिरत नाहीत. म्हणून आपला आवाज पंचक्रोशीतच ऐकू येतो.

स्थितांबराच्या ओझोनची गोष्टही महाराष्ट्रातून जाते, आणि ती एका बाईची आहे. केरळात जन्मलेल्या अण्णा मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची यंत्रं परदेशातून आणावी लागत, ती त्यांनी इथे बनवायला घेतली. फुग्याला बांधून आभाळात सोडायचं, ओझोन मोजणारं भारतीय यंत्र त्यांच्या देखरेखीखाली तयार झालं. पुढे फ्रिज आणि फवाऱ्याच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या काही रसायनांमुळे ओझोन विरळ होतोय हे जगाला कळलं. १९८७ साली माँट्रियल करार झाला, देशांनी ती रसायनं बंद करत आणली, आणि आता तो थर हळूहळू सावरतो आहे. मोजलं म्हणून कळलं, कळलं म्हणून थांबवता आलं.

गिरणगावाचा श्वास

आता वरून खाली उतरू. जिथे निम्मी हवा आहे, त्या लालबागमध्ये.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ताडदेवला ती चालू झाली. योगायोग असा, की त्याच १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईने घरगुती म्हणावा असा प्रयोग केला. काचेच्या नळ्यांत वेगवेगळे वायू भरले, उन्हात ठेवले, आणि कोणती नळी किती तापते ते पाहिलं. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि गार व्हायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त तापेल, असं तिने लिहिलं. शास्त्रज्ञांच्या सभेत तिचा निबंध एका पुरुषाने वाचून दाखवला आणि पुढे शंभराहून अधिक वर्षं तिचं नाव कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. त्या काळी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू २८५ भागांच्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. दगडी कोळसा, तेल आणि जंगलतोड ही त्याची मोठी कारणं. मुंबईच्या धुराड्यांनीही त्यात आपला थोडा वाटा घातला.

ताडदेव, भायखळा, परळ, लालबाग, वरळी असं करत गिरण्या पसरल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याकडची माणसं पोटासाठी आली. भोंग्यावर उठणं, भोंग्यावर जाणं. धुराड्यांतून कोळशाचा धूर. हिवाळ्यात रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, आणि वर त्यापेक्षा उबदार हवेचं झाकण बसतं. मग धूर वर जात नाही, चाळींवरच पसरून राहतो. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात ते पश्चिमेकडून. ते आधी मलबार टेकडीला लागतात आणि मग गिरणगावात शिरतात. ज्यांची घरं टेकडीवर, त्यांना समुद्राची हवा. ज्यांची चाळ गिरणीमागे, त्यांना गिरणीवरून आलेली.

गिरणीच्या आतली हवा त्याहून वेगळी. सूत तुटू नये म्हणून खात्यात दमट हवा ठेवावी लागे. बाहेरचा कोरडा वारा आत येऊन चालत नसे. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यांत तंतू उडत. केसांवर, भुवयांवर पांढरा थर बसे. तोच छातीतही बसे. यातून जो आजार होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर पहिल्या दिवशी कामावर गेलं की छाती आवळल्यासारखी होते. सुरुवातीला ते एकाच दिवसापुरतं असतं, मग रोजचं होतं, आणि शेवटी जिना चढवत नाही. गावाकडे परतलेला म्हातारा रात्रभर खोकतो, आणि घरचे म्हणतात, विडी ओढली असेल. कित्येकांच्या बाबतीत ती विडीपेक्षा जास्त कापसाची धूळ होती. पुढे हा आजार कामामुळे होणारा आजार म्हणून मान्य झाला, पण ते सिद्ध करून भरपाई मिळवणं सोपं नव्हतं.

त्या खात्यांत बायकाही होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांत एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या, रिळं भरण्याच्या खात्यात. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. पुढच्या काळात नवी यंत्रं आली तशी बायकांची संख्या कमी कमी होत गेली.

वाऱ्याला वाट

परळला एकेकाळी मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांची पत्नी तिथे पटकीने वारली. त्यानंतर गव्हर्नरचं निवासस्थान मलबार टेकडीच्या टोकाला गेलं. परळच्या त्याच बंगल्यात पुढे वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा आली. तीच आजची हाफकिन संस्था.

तेव्हा पुष्कळ लोकांची समजूत अशी होती, की रोगराई कोंदट, घाणेरड्या हवेतून येते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हजारो माणसं गेली. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढायचे, म्हणजे समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरेल, असा विचार होता. गिरगाव-काळबादेवीच्या बाजूचा प्रिन्सेस स्ट्रीट आणि पुढचा सँडहर्स्ट रोड यातूनच झाले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या वसाहतीही ट्रस्टनेच आखल्या.

पण प्लेग हवेतून येत नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, हे त्याच सुमारास समजू लागलं. वाऱ्यासाठी रस्ते झाले हे चांगलंच झालं, पण त्यासाठी ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतले कितीतरी गरीब लोक शेजारच्या आधीच भरलेल्या खोल्यांत गेले. एकाला हवा मिळाली, दुसऱ्याची गेली.

धुराड्यांच्या धुराबद्दल मात्र सरकारने १९१२ साली कायदा केला. धूर बाहेर दिसत होता, शहराच्या तोंडाला काळं फासत होता. खात्यातली धूळ बाहेरून दिसत नव्हती.

धूर कमी होण्याचं आणखी एक कारण म्हणजे वीज. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधली, ते पाणी खोपोलीला खाली सोडून १९१५ पासून वीज मुंबईच्या गिरण्यांना दिली. सह्याद्रीवर पडणारा पाऊस म्हणजे तपांबराचीच देणगी. तो कोळशाऐवजी गिरण्या चालवू लागला. मुंबईला स्वच्छ वीज मिळाली. पण पुढचं धरण मुळशीला आलं, तेव्हा पन्नासेक गावांच्या जमिनी पाण्याखाली जायची वेळ आली. १९२१ साली तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, बायकांसकट. पांडुरंग महादेव बापट यांना सेनापती ही पदवी लोकांनी तिथेच दिली. धरण झालंच. मैत्रिणींनो, शहराच्या हवेचा हिशेब करताना मुळशीच्या बायकांची भातखाचरं त्यात धरायला हवीत.

जी हवा मोजली नाही

लालबाग-परळची हवा मोजून तिथल्या माणसांची प्रकृती तपासायचं काम झालं, ते १९७० नंतर. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांनी हजारो लोकांची तपासणी केली. मुंबईतल्या कमी-जास्त धुराच्या भागांची आणि जोडीला एका ग्रामीण भागाची तुलना केली. जास्त गंधकवायूचा भाग म्हणून त्यांनी निवडला तो लालबाग. आता हिशेब करा. कुलाब्याला हवेची नोंद सुरू झाली १८४१ साली. तिथून जेमतेम दहा किलोमीटरवरच्या कामगाराच्या छातीची अशी नोंद व्हायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ गेला. आणि थोड्याच वर्षांत, १८ जानेवारी १९८२ ला, गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले. त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली.

आणखी एक हवा होती, ती खाणावळींची. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका गिरणगावात घरोघर होत्या. एका लहान खोलीत शेगडी, स्टो, पंधरा-वीस माणसांच्या भाकऱ्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपल्या बचत गटांच्या वाटेवरची ती एक थोरली बहीण. पण त्या खोलीतला धूर तेव्हाही कुणी मोजत नव्हतं.

असा धूर बायकांना काय करतो, हे ओळखणाऱ्यांत एक बाईच पुढे होती. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात पाहिलं, की फुप्फुस खराब होऊन हृदयावर ताण येण्याचा आजार विडी न ओढणाऱ्या बायकांनाही होतो आहे, तोही कमी वयात. त्यांनी बोट दाखवलं चुलीच्या धुराकडे. पुढे १९८० च्या सुमाराला गुजरातमधल्या काही गावांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून त्या श्वासातून किती धूर घेतात ते मोजलं गेलं. आकडे मोठ्या शहरांच्या हवेपेक्षाही वाईट निघाले.

पृथ्वीवरची निम्मी हवा लालबागच्या आत आहे, असं आपण म्हटलं. पण आपली स्वतःची हवा त्याहूनही कमी आहे. ती चुलीपासून कौलापर्यंत, आठ-दहा फुटांची. आयनांबर मोजून झालं, ओझोन मोजून झाला, आणि हे आठ-दहा फूट सगळ्यात शेवटी आले.

हवा एकाच शहरात किती वेगळी असते, हे २६ जुलै २००५ ने दाखवलं. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुलाब्याला फक्त ७३. नोंद एकाच ठिकाणी असती, तर मुंबईत त्या दिवशी साधा पाऊस झाला असं म्हणावं लागलं असतं. म्हणून आपल्या जागची नोंद आपण ठेवायची.

आपल्या गटाचं रजिस्टर असतं. कुणी किती भरले, कुणी किती घेतले, पै-पैचा हिशेब. त्याच रजिस्टरच्या मागच्या पानांवर तीन रकाने आखा. घरात जळण कोणतं, लाकूड, गोवऱ्या की गॅस. चुलीपुढे रोज किती तास. आणि घरात खोकला कुणाला, किती दिवस. वर्षभर लिहा. गॅस महाग म्हणून चूल परत पेटली असेल, तर तेही लिहा. कौलाला धुराची वाट ठेवली, चुलीपाशी खिडकी काढली, लहान लेकराला चुलीपासून लांब झोपवलं, तर पुढे फरक पडला का तेही लिहा. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, आशाताईंना, ग्रामसभेला ते पान दाखवा. खोकला आहे असं तोंडी सांगितलं तर लोक ऐकून सोडून देतात. बारा घरांची वर्षाची नोंद समोर ठेवली, तर उत्तर द्यावं लागतं.

कुलाब्याच्या माणसांनी एवढंच केलं होतं. पाहिलं, आणि रोज लिहिलं. आपल्यालाही ते जमण्यासारखं आहे.

भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या, मैत्रिणींनो. नमस्कार.